साडेतीन टन, बारा किलोवॅट की चाळीस हजार बीटीयू?

माझा मावसभाऊ गावच्या दूध संस्थेचा सचिव आहे. संस्थेला हजार लिटरचा बल्क कूलर, म्हणजे दूध गार करणारी टाकी, घ्यायचा होता आणि चार कोटेशनं आली होती. थंड करण्याची क्षमता एकात १२ किलोवॅट लिहिली होती, दुसऱ्यात ३.५ टन, तिसऱ्यात ४०,००० बीटीयू आणि चौथ्यात नुसतंच ‘५ एचपी’. किमतीही वेगवेगळ्या. त्यानं फोन केला. ‘‘यात मोठं कुठलं आणि लहान कुठलं, एवढंच सांग. परवा संचालकांची मीटिंग आहे. चाळीस हजार मोठे की साडेतीन, असं कुणीतरी विचारणारच.’’

प्रश्न अगदी रास्त होता. कारखान्यांत उष्णतेची कामं करताना मी हाच घोळ वर्षानुवर्षं बघत आलोय. मोबाइलवर आकडा टाकला की दुसऱ्या एककातला आकडा लगेच मिळतो, पण त्या आकड्यामागं काय मोजलंय हे मोबाइल सांगत नाही. ते कळलं की गुणाकार-भागाकार पाठ करावे लागत नाहीत. आणि चार कोटेशनांपैकी कुठलं मुळात तुलनेलाच बसत नाही, तेही दिसतं.

विहीर आणि मोटार

विहिरीत पाणी किती आहे हा एक प्रश्न. मोटार तासाला किती पाणी उपसते हा दुसरा. पहिल्याचं उत्तर लिटरमध्ये, दुसऱ्याचं ‘तासाला इतके लिटर’ असं. उष्णतेचंही तेच. उष्णता किती, हे ज्यूल, कॅलरी, बीटीयू किंवा विजेच्या बिलावरच्या युनिटमध्ये सांगतात. ती किती वेगानं दिली किंवा काढून घेतली जाते, हे वॅटमध्ये, तासाला किलोकॅलरीमध्ये किंवा तासाला बीटीयूमध्ये. या वेगालाच आपण शाळेत ‘शक्ती’ म्हणून शिकलो.

गोंधळाचं मूळ असं की बोलताना ‘तासाला’ हा शब्द सगळे गाळतात. ‘दहा लाख किलोकॅलरीचा हीटर’ म्हणजे तासाला दहा लाख. ‘चाळीस हजार बीटीयूचा कूलर’ म्हणजे तासाला चाळीस हजार. वॅटचं मात्र उलट आहे. वॅट म्हणजेच सेकंदाला एक ज्यूल, त्याच्या पोटातच वेळ आहे. म्हणून ‘तासाला पाच किलोवॅट’ हे बोलणं चुकीचं. पाच किलोवॅट म्हणजे पाच किलोवॅट. ते तासभर चाललं की पाच किलोवॅट-तास होतात, म्हणजे पाच युनिट. वर्तमानपत्रांतही ही चूक दिसते. ती किरकोळ समजून सोडून देऊ नये, कारण पुढची सगळी गणितं याच खुंटीवर टांगलेली असतात.

एक किलो पाणी, एक अंश

आता एककं. एक किलो पाणी एक अंश सेल्सिअसनं तापवायला लागते ती एक किलोकॅलरी. बिस्किटाच्या पुड्यावर लिहिलेली आणि डाएटवाले नुसतं ‘कॅलरी’ म्हणतात, तीही प्रत्यक्षात हीच किलोकॅलरी. इंग्रजांनी हेच काम त्यांच्या मापांत केलं. एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइटनं तापवायला लागते ती एक बीटीयू, म्हणजे ब्रिटिश थर्मल युनिट.

या दोन व्याख्या शेजारी ठेवल्या की रूपांतर आपोआप निघतं. एक किलो म्हणजे २.२०४६ पौंड. सेल्सिअसचा एक अंश म्हणजे फॅरनहाइटचे १.८ अंश. दोन्हींचा गुणाकार ३.९६८. म्हणजे एका किलोकॅलरीत ३.९६८ बीटीयू. तोंडी हिशेबाला सरळ चार धरा, चूक एक टक्क्याच्याही आत राहते. तासाला एक लाख किलोकॅलरी म्हणजे तासाला जवळजवळ चार लाख बीटीयू. मला हे रूपांतर फार आवडतं, कारण त्यात पाठ करण्यासारखं काहीच नाही. फक्त वजनाचं आणि तापमानाचं माप बदललंय.

किलोकॅलरीतून वॅटकडे जायला मात्र एक प्रयोग लागतो, आणि तो जेम्स ज्यूलनं १८४० च्या दशकात केला. खाली उतरणाऱ्या वजनाच्या जोरावर पाण्यात पंखे फिरवायचे आणि पाणी किती तापतं ते मोजायचं. पाणी विस्तवाशिवाय, नुसत्या घुसळण्यानं तापलं, आणि किती कामाला किती उष्णता याचा हिशेब पक्का झाला. आज इंजिनिअरिंगच्या हिशेबात एक किलोकॅलरी म्हणजे ४१८६.८ ज्यूल धरतात. (४१८४ धरणारी दुसरी व्याख्याही आहे, रसायनशास्त्राची. फरक हजारात एकापेक्षाही कमी, बॉयलर किंवा एसी निवडताना त्याचा विचार करू नये.)

तासात ३६०० सेकंद. एक किलोवॅटचा हीटर तासाभरात ३६०० किलोज्यूल उष्णता देतो. त्याला ४.१८६८ नं भागा: ८५९.८, म्हणजे ८६०. या धंद्यात एकच आकडा लक्षात ठेवायचा असेल तर तो हा. एक किलोवॅट म्हणजे तासाला ८६० किलोकॅलरी, आणि विजेचं एक युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी. बीटीयूत हाच आकडा ३४१२ होतो. उलट दिशेनं, तासाला एक किलोकॅलरी म्हणजे १.१६३ वॅट.

करून बघू. माणूस दिवसाला २००० किलोकॅलरी खातो असं धरा. वजन स्थिर असेल तर ती सगळी ऊर्जा शेवटी उष्णता म्हणून अंगाबाहेर पडते. तासाला ८३ किलोकॅलरी, गुणिले १.१६३, म्हणजे ९७ वॅट. चालतंबोलतं प्रत्येक माणूस शंभर वॅटच्या जुन्या पिवळ्या बल्बएवढी उष्णता बाहेर टाकत असतो. लग्नाच्या हॉलमध्ये ५०० माणसं पंगतीला बसली की नुसत्या माणसांचीच ५० किलोवॅट उष्णता होते, भटारखाना आणि दिवे अजून मोजलेलेच नाहीत. मे महिन्यात हॉलमध्ये जीव का घुसमटतो, ते या एका आकड्यात आहे.

टन कशाचा?

‘दीड टनाचा एसी’ हे शब्द आता खेड्यापाड्यांत रुळलेत. हा टन यंत्राच्या वजनाचा नाही, बर्फाचा आहे.

यंत्रानं गारवा तयार करायच्या आधी बर्फाचा व्यापार होता. अमेरिकेत हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांतला बर्फ करवतीनं कापून, भुश्शात गुंडाळून, जहाजानं विकायला पाठवत. १८३३ मध्ये बोस्टनहून निघालेलं ‘टस्कनी’ जहाज बर्फ घेऊन कलकत्त्याला पोचलं, आणि पुढं मुंबईतही हा बर्फ ठेवायला बर्फघर उभं राहिलं. मग गारवा करणारी यंत्रं आली. गिऱ्हाइकाला बर्फाचाच हिशेब कळत होता, म्हणून यंत्राची ताकदही बर्फात सांगायला लागले. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना भोवतालची जेवढी उष्णता शोषतो, तेवढी उष्णता काढणारं यंत्र एक टनाचं.

यातला टन अमेरिकेचा आहे, २००० पौंडांचा, म्हणजे ९०७ किलोंचा. आपला १००० किलोंचा नाही. एक पौंड बर्फ वितळायला १४४ बीटीयू लागतात असं धरलं. २००० गुणिले १४४ म्हणजे २,८८,००० बीटीयू. चोवीस तासांनी भागलं की तासाला बरोबर १२,००० बीटीयू. एसीच्या कागदांवर १२,०००, १८,०००, २४,००० हे आकडे एवढे गुळगुळीत का असतात, ते इथं कळतं. ते एक, दीड आणि दोन टन आहेत. एक टन म्हणजे तासाला ३०२४ किलोकॅलरी, किंवा ३.५१७ किलोवॅट. जपानी पद्धतीचा टन वेगळा, तो १००० किलो बर्फाचा, ३.८६ किलोवॅटचा. जुनं जपानी यंत्र घेताना हे बघून घ्यावं. फरक जवळजवळ दहा टक्क्यांचा आहे.

आपल्याकडे एसीच्या स्टार लेबलवर क्षमता वॅटमध्ये छापलेली असते. दीड टनाचे नेमके वॅट ५२७५. पण दीड टन म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक एसींवर पाच हजार किंवा त्याहून कमी वॅट लिहिलेले दिसतील. ‘दीड टन’ ही दुकानातली भाषा आहे, लेबलवरचा वॅटचा आकडा हे मोजमाप. दोन कंपन्यांचे एसी ताडायचे असतील तर टन विसरून तो आकडा बघा.

तो आकडा बघून काहीजण दचकतात: पाच किलोवॅट, म्हणजे तासाला पाच युनिट जळणार? नाही. पाच किलोवॅट हा खोलीतून बाहेर काढलेल्या उष्णतेचा वेग आहे. एसी उष्णता तयार करत नाही, हमालासारखा इथून उचलून तिथं टाकतो. हमालाची मजुरी मालाच्या किमतीएवढी नसते. पाच किलोवॅट उष्णता बाहेर काढायला साधारण दीड किलोवॅट वीज पुरते. या दोन आकड्यांचा भागाकार म्हणजे यंत्राची कार्यक्षमता. स्टार ठरवायला याच भागाकाराची वर्षभराची सरासरी वापरतात.

चौथ्या कोटेशनातल्या ‘५ एचपी’ची अडचण इथंच आहे. अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट, आणि इथं ती कॉम्प्रेसरच्या मोटारीची आहे. म्हणजे ३.७३ किलोवॅट, हमालाची मजुरी. माल किती उचलला ते त्यात लिहिलेलंच नाही. दर युनिटमागं तीन युनिट उष्णता काढली तर ११.२ किलोवॅट होतील, अडीचच काढली तर ९.३. किलोवॅटमधून एचपीत जाणं हे रूपांतर आहे. एचपीतून टनात जाणं हे रूपांतर नाही, तो अंदाज आहे, आणि त्यासाठी यंत्र कुठल्या तापमानावर चाललंय ते कळावं लागतं. अनेक मिस्त्री ‘एक एचपीला एक टन’ असं बोलून मोकळे होतात. एसीच्या कामात ते ढोबळमानानं जमून जातं. दुधाच्या कूलरला तेवढं मिळत नाही, आणि शीतगृहाच्या उणे तापमानाला तर मुळीच नाही.

लाखाचा हीटर, टनाचा बॉयलर

इचलकरंजीच्या प्रोसेस हाऊसमध्ये गेलात तर एकाच शेडमध्ये दोन भाषा ऐकू येतात. कापड सुकवणाऱ्या स्टेंटरला गरम तेल पुरवणारा थर्मिक फ्लुइड हीटर ‘दहा लाखाचा’ असतो; म्हणजे तासाला दहा लाख किलोकॅलरी. शेजारचा बॉयलर ‘दोन टनाचा’ असतो. म्हणजे तासाला दोन टन वाफ. मालक विचारतो, यातलं जास्त उष्णता कोण देतं?

शंभर अंशाच्या एक किलो पाण्याची शंभर अंशाचीच वाफ करायला सुमारे ५४० किलोकॅलरी लागतात. शाळेत हिला अप्रकट उष्मा म्हणत, कारण एवढी उष्णता पोटात गेली तरी थर्मामीटर हलत नाही. एक टन, म्हणजे इथं खरोखरचे १००० किलो, वाफ तासाला काढायची तर ५.४ लाख किलोकॅलरी, म्हणजे ६२८ किलोवॅट. दोन टनाचा बॉयलर १०.८ लाखाचा झाला. दोन्ही यंत्रं जवळजवळ सारखीच. किलोवॅटमध्ये हीटर ११६३, बॉयलर १२५६.

थोडं सावध राहावं लागतं ते पुढं. बॉयलरच्या पाटीवरचा टन बहुतेक वेळा ‘फ्रॉम अँड ॲट १००’ असा असतो, म्हणजे पाणी आधीच शंभर अंशाचं आहे आणि वाफही शंभर अंशाचीच हवी आहे, असं गृहीत धरून. कारखान्यात टाकीतलं पाणी ३० अंशाचं असतं आणि वाफ १० किलो (दर चौरस सेंटिमीटरला) दाबाची लागते. तेव्हा प्रत्येक किलोमागं ५४० नाही, सुमारे ६३४ किलोकॅलरी खर्च होतात. ५४० भागिले ६३४ म्हणजे ०.८५. एक टनाची पाटी असलेला बॉयलर प्रत्यक्षात तासाला ८५० किलोच वाफ देतो. बॉयलरनं फसवलेलं नसतं, उष्णता त्यानं तेवढीच दिलेली असते. एका कारखान्यात याच कारणानं वाफ कमी पडत होती आणि महिनाभर सगळे बर्नरला दोष देत होते. बॉयलरला पाणी पुरवणाऱ्या फीडवॉटर टाकीत गरम कंडेन्सेट, म्हणजे वापरलेल्या वाफेचं झालेलं पाणी, परत आणल्यावर वाफेचा आकडा वर चढला.

म्हणजे ‘टन’ हा शब्द दोन ठिकाणी दोन अर्थांनी येतो. गारव्याचा टन साडेतीन किलोवॅटचा, वाफेचा टन ६२८ किलोवॅटचा. जवळजवळ १८० पट फरक. कागदावर नुसता ‘टन’ दिसला की आधी विचारावं, बर्फाचा की वाफेचा?

अमेरिकी बनावटीच्या बॉयलरवर ‘बॉयलर हॉर्सपॉवर’ही सापडते. ती मोटारीची अश्वशक्ती नाहीच. शंभर अंशाच्या ३४.५ पौंड पाण्याची तासाला वाफ करणारी उष्णता, म्हणजे ९.८१ किलोवॅट. साध्या अश्वशक्तीच्या तेरा पट. वाफेच्या इंजिनाच्या काळात एका अश्वशक्तीच्या कामाला साधारण एवढी वाफ लागायची, त्यावरून हे माप पडलं. त्या काळची इंजिनं उष्णता किती वाया घालवत, याची नोंदच त्या तेरा पटीत राहिली आहे.

आणि ‘एम’ या अक्षराचा सापळा. मेगावॉटमधला एम म्हणजे दहा लाख. पण बीटीयूच्या कागदांवर ‘एमबीएच’ लिहिलेलं असतं, तिथला एम रोमन अंकातला, म्हणजे एक हजार. तासाला हजार बीटीयू. दोन एम लिहिले की हजार गुणिले हजार, दहा लाख. नैसर्गिक वायूच्या किमती ज्या ‘एमएमबीटीयू’मागं सांगतात ते हेच, आणि त्यात उष्णता असते २९३ युनिट विजेएवढी. एमबीएचला मेगा समजलं तर उत्तर हजार पटीनं चुकतं. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींना घर तापवणाऱ्या फर्नेसवर ‘८० एमबीएच’ दिसेल. तो ८०,००० बीटीयूचा, म्हणजे साडेतेवीस किलोवॅटचा.

बाथरूममधला आकडा

हा भाग मी मुद्दाम सविस्तर लिहितोय, कारण इथं आकडा न कळण्याची किंमत जीवानं मोजावी लागते.

घरात अंघोळीचं पाणी तापवायचं काम पूर्वी तांब्याचा बंब करायचा. लाकडं, शेणी, काय असेल ते घालायचं. किती किलोवॅट हे कुणी विचारलं नाही, कारण बंब अंगणात किंवा पडवीत असायचा. आता त्याच कामाला १५ लिटरचा २ किलोवॅटचा विजेचा गीझर आहे. २५ अंशाचं १५ लिटर पाणी ६० अंशावर न्यायचं: १५ गुणिले ३५, म्हणजे ५२५ किलोकॅलरी. ८६० नं भागलं की ०.६१ युनिट. दोन किलोवॅटनं ते काम साधारण अठरा मिनिटांत होतं. तीन किलोवॅटच्या छोट्या इन्स्टंट गीझरचं बघा. तीन गुणिले ८६० म्हणजे तासाला २५८०, मिनिटाला ४३ किलोकॅलरी. पाणी २५ अंशानं तापवायचं तर मिनिटाला जेमतेम १.७ लिटरची धार. नळ पुरा सोडला की पाणी कोमट येतं, ते यामुळं. तक्रार करून उपयोग नाही, आकड्यातच तेवढं आहे.

आता गॅसचा ‘६ लिटर’चा गीझर. मिनिटाला ६ लिटर पाणी, २५ अंशानं गरम. १५० किलोकॅलरी मिनिटाला, ९००० तासाला, म्हणजे १०.५ किलोवॅट. वाया जाणारी उष्णता धरली तर ज्योत बारा किलोवॅटच्या आसपासची. स्वयंपाकघरातल्या शेगडीचा मोठा बर्नर साधारण दोन किलोवॅटचा असतो. गॅस गीझर चालू केला म्हणजे भिंतीवर सहा मोठे बर्नर एकदम पेटले.

एलपीजीच्या एका किलोत सुमारे १२.७ युनिट उष्णता असते. म्हणजे हा गीझर तासाला जवळजवळ एक किलो गॅस जाळतो. एक किलो एलपीजी पुरतं जळायला पंधरा-सोळा किलो हवा लागते, आकारमानात बारा-तेरा घनमीटर. आणि चार फूट बाय सहा फूट बाथरूम, आठ फूट उंच, यात हवा किती? साडेपाच घनमीटरही नाही. दार-खिडकी लावून पंधरा मिनिटं अंघोळ केली तर निम्म्याहून जास्त खोलीतल्या हवेएवढी हवा ज्योतीला लागते. हवेतला ऑक्सिजन उतरला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. चक्कर येऊन माणूस पडतो आणि दार आतून लावलेलं असतं. दर हिवाळ्यात अशा बातम्या येतात. गीझरच्या खोक्यावर ‘६ लिटर’ऐवजी ‘१२ किलोवॅटची ज्योत’ असं मोठ्या अक्षरांत छापलं, तर तो बाथरूमच्या आत लावायला कितीजण धजावतील? माझं मत स्पष्ट आहे: हे यंत्र बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेतच असलं पाहिजे.

सिलिंडरचा हिशेबही हाताशी आहेच तर करून टाकू. १४.२ किलो गुणिले १२.७, म्हणजे १८० युनिट उष्णता. शेगडीची कार्यक्षमता ६८ टक्के धरली तर भांड्यात शिरते ती १२२ युनिटच्या आसपास, उरलेली ओट्याला आणि स्वयंपाक करणाऱ्याच्या अंगाला. इंडक्शनच्या शेगडीवर तेवढंच काम व्हायला, ८५ टक्के कार्यक्षमतेनं, सुमारे १४४ युनिट वीज लागेल. आपल्या बिलातला युनिटचा दर आणि सिलिंडरची किंमत घालून प्रत्येकानं आपापल्या घरचं गणित करावं. गावागणिक आणि स्लॅबगणिक उत्तर बदलतं.

वीज केंद्रातला ८६०

हाच ८६० चंद्रपूर किंवा कोराडीच्या औष्णिक केंद्रात ‘हीट रेट’ या नावानं भेटतो. एक युनिट वीज तयार करायला किती किलोकॅलरी जाळल्या, तो आकडा म्हणजे हीट रेट. नुकसान शून्य असतं तर तो ८६० आला असता. प्रत्यक्षात २४०० धरा. ८६० भागिले २४००, म्हणजे ३६ टक्के कार्यक्षमता. चंद्रपूरला ५०० मेगावॉटचे संच आहेत. असा एक संच या हीट रेटनं पूर्ण भारावर चालला तर तासाला १२० कोटी किलोकॅलरी जाळतो. किलोवॅटच्या भाषेत ते १३९५ मेगावॉट उष्णता. तारेत जातात ५०० मेगावॉट. उरलेले जवळजवळ ९०० धुरांड्यातून आणि कूलिंग टॉवरच्या ढगांतून आकाशात. म्हणून या क्षेत्रात मेगावॉट लिहिताना ‘विद्युत’ की ‘औष्णिक’ हेही लिहितात. कोळसा किलोला ३५०० किलोकॅलरीचा असेल तर त्या एका तासाला ३४३ टन कोळसा लागला. इथला टन साधा, वजनाचा.

मीटिंगच्या आदल्या दिवशी

मावसभावाला मी आधी दुधाचं गणित करायला लावलं, यंत्राचं नंतर. हजार लिटर दूध, वजन १०३० किलो. दूध पाण्यापेक्षा थोडं लवकर गार होतं. एका किलोला एका अंशामागं ०.९३ किलोकॅलरी काढावी लागते. धारेचं दूध ३५ अंशाचं, न्यायचं ४ अंशावर, म्हणजे ३१ अंश. गुणाकार २९,७०० किलोकॅलरी. तीन तासांत गार व्हायला हवं, नाहीतर जंतू वाढतात; म्हणून तासाला ९९००. भागिले ८६०: साडेअकरा किलोवॅट. भागिले ३०२४: ३.२७ टन. गुणिले ३.९६८: ३९,३०० बीटीयू. दूध ढवळणाऱ्या पंख्याची आणि टाकीच्या पत्र्यातून आत येणारी उष्णता म्हणून दहा टक्के वर धरले तर साडेबारा किलोवॅटच्या थोडं पुढं.

आता कोटेशनं एका रांगेत आली. १२ किलोवॅट. ३.५ टन म्हणजे १२.३ किलोवॅट. ४०,००० बीटीयू म्हणजे ११.७ किलोवॅट. ज्या आकड्यांवर मीटिंगमध्ये वाद होणार होता, ते एकमेकांपासून पाच टक्क्यांच्या आतबाहेर होते, आणि तिन्ही गरजेपेक्षा किंचित कमीच. पाच एचपीचं उत्तर देता येत नव्हतं.

मी त्याला चारही ठिकाणी एकच प्रश्न विचारायला सांगितला: ही क्षमता कॉइलच्या (उष्णता ओढून घेणाऱ्या आतल्या नळ्यांच्या) कुठल्या तापमानाला आणि बाहेर किती अंश असताना मोजली आहे? ३.५ टनवाल्यानं लगेच सांगितलं: आत शून्य अंश, बाहेर ४३. बारा किलोवॅटवाल्यानं कंपनीचा तक्ता पाठवला. त्यात बाहेरचं तापमान ३५ होतं. चाळीस हजार बीटीयूवाला थोडा वेळ मागून घेऊन म्हणाला, आकडा एसीच्या टेस्टचा आहे, कॉइल सात अंशाची. दुधाला कॉइल त्याहून गार लागते आणि कॉइल जितकी गार तितकी क्षमता उतरते, म्हणजे त्याचे ११.७ प्रत्यक्षात आणखी खाली येणार. पाच एचपीवाल्यानं सांगितलं, ‘‘साहेब, पाच एचपी म्हणजे पाच एचपी.’’

मीटिंगमध्ये भावानं फळ्यावर चारही आकडे किलोवॅटमध्ये लिहिले, पुढं आतलं-बाहेरचं तापमान लिहिलं आणि चौथ्यापुढची जागा मोकळी ठेवली. संस्थेनं ३.५ टनवाल्याला पुढच्या मोठ्या मॉडेलचा भाव विचारला. तो ४ टनाचा, १४ किलोवॅटचा, त्याच तापमानाला मोजलेला.